१/२४ जीपवर वाळू आणि धूळ दाखवायची आहे, पुण्यात मिळेल असं सामान सुचवा

कोथरूडचा_नटबोल्ट
नमस्कार मंडळी. १/२४ ची, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, प्लॅस्टिक किटची जीप जोडून झाली. रंग स्प्रे कॅनचा, वर ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. ती जैसलमेरच्या बाजूला आठवडाभर वाळूत हुंदडून आलेली दिसायला हवी. व्हिडिओंत सगळे पिगमेंटच्या, म्हणजे मातकट रंगाच्या भुकटीच्या, इवल्याशा बाटल्या दाखवतात. किंमत ऐकून आई म्हणाली, "माती विकत घेणार?" मुद्दा बरोबर आहे. समोर बांधकाम चालू आहे, तिथली वाळू चाळून फेव्हिकॉलने लावली तर? एअरब्रश नाही. बजेट पाचशेच्या आत.

सदाशिव_स्केल
वाळू अजिबात नको. हिशोब करा: १/२४ मध्ये १ मिमीचा कण म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिमीचा खडा. लांबून बघणाऱ्यालाही ते खटकतं. शिवाय हल्ली बांधकामावर बहुतेक क्रश सँड असते, म्हणजे आपला काळा दगड दळलेला. राखाडी रंगाची जीप जैसलमेरहून नाही, वाघोलीच्या खाणीतून आलेली वाटेल.

आणि मुळात उभ्या पत्र्यावर वाळू टिकतच नाही हो. टिकते ती धूळ. कण साठतात ते आडव्या जागी: बॉनेट आणि काचेच्या मधली खाच, फूटबोर्ड, बंपरची वरची कड, रिमच्या आतली बाजू, पायाखालची मॅट. तेवढ्याच जागी चिमूटभर टाका, तेही मलमलमधून गाळलेलं. बाकी सगळी गाडी धुळीची.

बोहरीआळी_फॅन
सदाशिवरावांशी सहमत. आता सामान.

मुलतानी माती. आयुर्वेदिक दुकानात, किराणावाल्याकडे, कुठेही मिळते. फक्त फेसपॅकचं सुगंधी पाकीट घेऊ नका. परदेशातले मॉडेलवाले हीच माती धुळीसाठी सर्रास वापरतात. रंग जात्याच फिकट बदामी, वाळवंटाला जवळचा.

दुसरं, रंगाच्या दुकानात सिमेंटच्या लादीत घालायचे ऑक्साइड सुटे मिळतात: पिवळा, लाल, काळा. महागड्या बाटल्यांतल्या मातकट छटाही बऱ्याचशा लोहाच्या ऑक्साइडच्याच असतात. मुलतानीत पिवळा अगदी नखावर मावेल एवढा घाला. जास्त झाला की हळदीकुंकू होईल. महाबळेश्वरची तांबडी माती हवी असेल तर गेरू.

सगळं मिळून शंभर-दीडशेत. भुकटी घोटताना तोंडाला मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा.

पाषाण_गॅरेज
ऑक्साइडबद्दल सावध करतो. बोटांना, टेबलाला, मांजराला, सगळ्याला लागतो आणि निघत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर टामियाचा वेदरिंग मास्टर 'ए' संच बघा. सँड, लाइट सँड आणि मड अशा तीन वड्या असतात, स्पंजने लावायच्या. बजेट थोडं ताणावं लागेल, पण घोळ शून्य.

कोथरूडचा_नटबोल्ट
मांजर नाही, आई आहे. तरी मुलतानीच करून बघतो. ग्लॉसवर भुकटी बसेल का? आणि कालवायची कशात? घरात थिनर पडलंय.

सदाशिव_स्केल
थांबा! ते थिनर कुठलं? हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "थिनर" मागितलं की बहुतेक वेळा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर हातात पडतं. ते रंगासकट किटचं प्लॅस्टिक विरघळवतं. तुम्हाला टर्पेंटाइन हवं, आणि तेही आधी शासीच्या पोटाशी लावून बघा.

ग्लॉसवर भुकटी घसरते, म्हणून आधी मॅट, म्हणजे बिनचमकीचा, क्लिअर मारा. सध्याच्या दमट हवेत मॅट स्प्रे पांढुरका पडतो, तेव्हा उघडीप मिळेल त्या दुपारी मारा. काचांना मास्किंग टेप लावायला विसरू नका.

मग मुलतानी टर्पेंटाइनमध्ये ताकापेक्षा पातळ कालवा आणि त्यात मॅट इनॅमलचा एक थेंब टाका, पकड येते. खालच्या भागावर ब्रशने सोडा आणि पूर्ण सुकू द्या. ओलं असताना काहीच दिसत नाही म्हणून लोक आणखी थापतात आणि सकाळी गाडी शाडूची झालेली असते. सुकल्यावर जास्तीची धूळ कोरड्या ब्रशने वरून खाली झटका. पुन्हा एक पातळ हात, पुन्हा झटका. वर परत क्लिअर मारू नका, निम्मी धूळ गायब होते आणि उरलेली काळवंडते. नंतर गाडी उचलायची ती शासीला धरून.

बायपासवरची_बाई
सगळे सामानावर बोलताहेत, धूळ बसते कुठे यावर कोणी बोलेना. चाक धूळ मागे फेकतं, म्हणून चाकाच्या कमानीच्या मागचा पत्रा आणि दाराचा खालचा भाग सर्वात मळका. चौकोनी गाडीची पाठ तर पुढच्यापेक्षाही जास्त माखते, कारण गाडीमागे हवेचा भोवरा होतो आणि तो धूळ परत पाठीवर आणून टाकतो. समोरच्या काचेवर वायपरचे अर्धगोल स्वच्छ. तेवढ्या आकाराची टेप कापून लावा, धूळ बसली की काढा. दाराची मूठ आणि तिच्याभोवतीचा पत्रा हाताने पुसला जातो. हेडलाइट ड्रायव्हर पुसतोच.

डकार रॅली ही गाड्यांची वाळवंटी शर्यत २०२० पासून सौदी अरेबियात होते. तिथले फोटो बघा, पण टप्पा संपल्यानंतरचे. उड्या मारतानाच्या फोटोंत धूळ हवेत असते, गाडीवर नाही. ते जमत नसेल तर कात्रज-देहूरोड बायपासला कोरड्या दिवसांत एखाद्या ट्रकमागे लागा आणि घरी आल्यावर स्वतःची गाडी धुण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. रंग वाळवंटाचा नसेल, जागा मात्र त्याच असतात.

पाषाण_गॅरेज
बाईंचं शंभर टक्के. एकच भर: टायरचा रस्त्याला टेकणारा भाग स्वच्छ काळा ठेवा, धूळ फक्त खाचांत आणि साइडवॉलवर. डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर चाललं की तो भाग घासून निघतो. पूर्ण टायर बदामी केलं तर गाडी वाळूतच उभी दाखवावी लागेल, म्हणजे खाली बेस, अर्थात वाळूच्या जमिनीचा तुकडा, करणं आलं.

कोथरूडचा_नटबोल्ट
बेस करायचा विचार नव्हता, पण आता करावासा वाटतोय. त्याला तरी क्रश सँड चालेल का?

सदाशिव_स्केल
नाही.