ताराब टिकतं ते महोत्सवाच्या आधी

ताराब म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावरचं अरबी वळणाचं गाणं-वाजवणं. ‘झांझिबारचं ताराब जगाला कळलं ते तिथल्या सौती झा बुसारा या संगीत महोत्सवामुळे’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. २००४ पासून स्टोन टाउन या तिथल्या जुन्या वस्तीतल्या किल्ल्यात तो भरतो आणि सगळं वादन प्रत्यक्षच हवं हा त्याचा आग्रह फार मोलाचा आहे. पण वादक घडतात ते २००२ मध्ये सुरू झालेल्या धाऊ कंट्रीज म्युझिक अकॅडमी या तिथल्याच संगीतशाळेत. ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, शिवाय व्हायोलिन तिथे रीतसर शिकवतात.

कानूनचंच बघा. आपल्या स्वरमंडलाचा थोरला भाऊ म्हणा, पण एकेका सुराला तीन तारा, एकूण साधारण ७८. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी लाकडावर नसते, ताणलेल्या कातड्यावर असते. समुद्राची दमट हवा लागली की कातडं सैलावतं, घोडी खचते आणि सगळं वाद्य सुरात खाली उतरतं. दिव्यांच्या उष्णतेने कातडं आवळलं की चढतं. म्हणून वाद्य अर्धा तास तरी आधी मंचावर नेऊन ठेवावं आणि मगच किल्लीने लावावं. दोन कार्यक्रमांमधल्या दहा-पंधरा मिनिटांत ७८ खुंट्या नीट लागत नाहीत. हे सगळं सांभाळणारे हात शाळेतच तयार होतात, त्यामुळे देणगी द्यायचीच तर आधी शाळेला द्या.