कंपायलरच्या प्रत्येक आवृत्तीवर टेस्ट चालवायच्या का?

सांगलीकर:
मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी वजनकाट्याचं रीडिंग संगणकात घेणारं छोटं सी पॅकेज आम्ही तिघं सांभाळतो. परवा ऑटोमेटेड टेस्टमध्ये जीसीसी (सी कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) १२ आणि १३ हिरवे म्हणजे पास, १४ लाल म्हणजे नापास. सहकारी म्हणाला, "१४ काढून टाक, गिऱ्हाइकाकडे डेबियन १२ लिनक्स आहे, म्हणजे जीसीसी १२च." मला हे अजिबात पटत नाही, कारण चूक आमचीच निघाली. पावतीचं नवीन फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देतं आणि त्याची हेडर फाइल, जिच्यातून कंपायलरला हे कळतं, ती घ्यायची राहिली होती. कंपायलरनं परत येणारी किंमत इंट (३२ बिटांचा पूर्णांक) धरली, ६४ बिटांचा पत्ता ३२ वर कापला गेला. टेस्टच्या कंटेनरमध्ये (टेस्टसाठी उभ्या केलेल्या वेगळ्या वातावरणात) पीआयई, म्हणजे प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवता येण्याची सोय, बंद, पत्ते लहान, म्हणून निभावलं. १२-१३ मध्ये ही नुसती वॉर्निंग होती, लॉगमध्ये कुणी वाचलीच नाही. १४ मध्ये ती थेट एरर आहे. सगळ्या आवृत्त्या ठेवाव्यात, असं माझं ठाम मत.

मिरजकर:
अहो, तुमच्याच गोष्टीतून उलटं निघतं! डेबियनच्या जीसीसीत पीआयई मुळातच चालू असतं. तुमचा १२ चा कंटेनर डेबियनचा असता तर टेस्ट तिथंच कोसळली असती. आवृत्त्या वाढवण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं मशीन हुबेहूब उभं करा. ती वॉर्निंग एरर करायचा फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) १२ मध्येही आहे. जीसीसी १५ नं सी२३ (सी भाषेचं नवं मानक) डिफॉल्ट केलं, फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ 'एकही आर्ग्युमेंट नाही' असा झाला, आणि वर्षानुवर्षं नीट चालणारा कॉलबॅकचा (नंतर बोलवायला दुसऱ्या कोडकडे सोपवलेल्या फंक्शनचा) कोड दुरुस्त करण्यात माझा अख्खा दिवस गेला. गिऱ्हाइकाला त्याचा काय फायदा?

कराडहून:
फायदा आहे. अडत्याचं मशीन बिघडलं की नव्यावर डेबियन १३ येणार, आणि त्यात जीसीसी १४च आहे. ऐन हळदीच्या हंगामात बिल्ड (कोड कंपाइल होणं) फुटण्यापेक्षा आत्ता फुटलेला बरा. फक्त 'सगळ्या वॉर्निंग म्हणजे एरर' हा फ्लॅग बाहेर देण्याच्या पॅकेजमध्ये ठेवू नका. प्रत्येक आवृत्ती नव्या वॉर्निंग आणते, चांगला कोडही अडतो.

सांगलीकर:
मिरजकर, कंटेनरचं पटलं. आज १२ आणि १४ दोन्ही डेबियनचेच घेतले, ते प्रत्येक कमिटला (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाला) चालतील. १५ रोज रात्री. पण १४ काढणार नाही.

मिरजकर:
मग १५ लाल झालं तर सकाळी तिघांपैकी कोण बघणार, तेवढं आजच ठरवा. महिनाभर लाल राहिलेली लाइन कुणी उघडत नाही.