घाट उतरताना न्यूट्रल टाकल्यावर पेट्रोल वाचतंय काय?

बावड्याचा_गडी: करूळ घाट उतरताना आमचं दाजी गाडी न्यूट्रलला टाकत्यात, म्हणत्यात पेट्रोल वाचतंय. खरं काय?

रंकाळा_रायडर: उलटं हाय भावा. इंजेक्शनवाली (हल्लीची) गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की ईसीयू, म्हंजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलच बंद करतोय, चाकंच इंजिन फिरवत्यात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतंय.

जुनी_गाडी: कार्ब्युरेटरच्या, म्हंजे ईसीयू नसलेल्या जुन्या मारुती ८०० ला वाचायचं की थोडं, उगं खोटं कशाला बोलू.

उद्यमनगर_मिस्त्री: पेट्रोलचं सोडा ओ, न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर, लायनर तापून वास मारतंय आणि ऐन वळणावर ब्रेक लागंना झाला की कळतंय. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरायचं. चावी तर बंद करूच नका, स्टिअरिंग जड होतंय.

बावड्याचा_गडी: दाजींना दाखवतो, ऐकतील असं वाटत न्हाई 😄