नोकरी धरून बसणं हाच आता मोठा धोका आहे

कोलशेतकर

माझा भाचा सत्तावीस वर्षांचा. महाप्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, पगार एक तारखेला खात्यात. आता त्याला मित्राबरोबर रबाळ्याला छोटा गाळा भाड्याने घेऊन मशीनचे कंट्रोल पॅनेल, ड्राइव्ह, पीएलसी अशा मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुरुस्तीचं काम सुरू करायचंय. घरात सगळे विरोधात. बहीण म्हणते आधी लग्न होऊ दे. भावोजी म्हणतात, भरल्या ताटावरून उठायची ही कुठली बुद्धी? त्याच्या बाजूने मी एकटा उभा आहे, आणि का उभा आहे ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

जे काम जमेल की नाही याची खात्री नसते, तेच माणसाला वाढवतं. येणारंच काम वर्षानुवर्षं करत राहिलं की हात सफाईने चालतो, पण माणूस आहे तिथेच राहतो. हे मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, डोळ्यांनी पाहिलंय, टूलरूममध्येच आयुष्य गेलं माझं. आमच्याकडे एक टर्नर होते. जॉबवरून बोट फिरवून माप सांगायचे, मग आम्ही मायक्रोमीटर लावून बघायचो, तर खरंच तेवढंच निघायचं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा साहेबांनी विचारलं, कोण शिकतंय? त्यांनी नकार दिला. लेथवर ते राजे होते, नव्या मशीनवर पोरासोरांसमोर चुका करायच्या हे त्यांना सोसणारं नव्हतं. दुसरा एक जण तयार झाला. हात अगदी बेताचा. सुरुवातीला ऑफसेट (मशीनमध्ये भरायचा टूलच्या मापाचा आकडा) चुकवायचा, टूल जाऊन जॉबवर आदळायचं, इन्सर्टचे (टूलच्या कापणाऱ्या पात्यांचे) तुकडे उडायचे आणि सुपरवायझर सगळ्या शॉपसमोर त्याला फैलावर घ्यायचा. तो शिकत राहिला. पुढे कंपनीला कुलूप लागलं. तो रबाळ्याला लागला, तिथून चाकणला सेटर (मशीन जुळवून देणारा) म्हणून गेला. आणि ते राजे, ज्यांच्या बोटांत माप होतं, ते घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहून घेत बसलेले मला भेटले.

साठच्या दशकात उभी राहिलेली ती वसाहत कायम राहणार असं तिथल्या प्रत्येकाला वाटायचं. कारखाने गेले, टॉवर आणि आयटीची ऑफिसं आली. ज्यांनी 'सुरक्षित' म्हणून एकच खुर्ची धरली, तेच सगळ्यात उघड्यावर पडले. म्हणून भाच्याला मी सांगतोय, जा.

हिशोबनीस, नौपाडा

कोलशेतकर, तुमच्या टर्नरचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच उदाहरणातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. सीएनसी शिकणाऱ्याने धोका कुठला पत्करला? इन्सर्ट कंपनीचे तुटत होते. जॉब कंपनीचा बाद होत होता. महिना संपला की पगार घरी येत होता. तो शिकला, हे शंभर टक्के मान्य. पण 'शिक' आणि 'नोकरी सोड' हे दोन सल्ले वेगळे आहेत आणि तुम्ही ते एकत्र बांधताय.

माझ्याकडे छोट्या धंद्यांचे हिशेब येतात. बंद पडणारा धंदा बहुतेक वेळा मालकाला काम येत नाही म्हणून बंद पडत नाही. काम उत्तम येतं, पण पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देते, गाळ्याचं भाडं मात्र पाच तारखेला द्यावं लागतं, जीएसटी तर पैसे हातात आले नसले तरी बिल फाडलं म्हणून भरायचा असतो. मग आधी क्रेडिट कार्ड, मग बायकोचे दागिने. या सगळ्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' होतो म्हणणाऱ्याने एकदा वसुलीवाल्याचा फोन घेऊन बघावा. त्या फोनने माणूस वाढत नाही, आक्रसतो. झोप जाते, घरात आवाज चढतात, नातेवाईकांकडे जाणं बंद होतं.

धोका पत्करायचा तर ज्याच्या पाठीशी काही आहे त्याने. बाकीच्यांना तो उपदेश करणं मला योग्य वाटत नाही.

ऐरोली सेक्टर ८

हिशोबनीस, भीती रास्त आहे, पण भीतीचं वजन माणसाच्या मनात खऱ्यापेक्षा जास्त भरतं हेही लक्षात घ्या. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: जेवढ्या रकमेच्या फायद्याचा आनंद होतो, तेवढ्याच रकमेच्या तोट्याचा चटका त्याहून जास्त बसतो. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. घरी बसून 'काय काय जाईल' याची यादी करणारा माणूस म्हणूनच नेहमी 'नको' याच उत्तरावर येतो.

आणि मराठी माणसाला उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पुढे लोखंडी नांगर केला तर शेतकरी तो विकत घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. त्या वेळी ते परत मास्तरकीकडे वळले असते तर १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत उभी राहिली नसती.

हिशोबनीस, नौपाडा

किर्लोस्करांचं उदाहरण येणार हे ठाऊक होतं, आणि मला ते फार प्रिय आहे. पण पूर्ण सांगा. लक्ष्मणराव नोकरीत असतानाच बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा सायकलचं दुकान चालवत होते. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे, भाऊ तिकडे विकायचे. म्हणजे राजीनामा दिला त्या दिवशी चालतं दुकान होतं, विश्वासाचा भाऊ होता, गिऱ्हाईक होतं. नंतर बेळगावातून बिऱ्हाड हलवायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली, कर्ज दिलं. माझ्या मते त्यांची थोरवी तशीच राहते. फक्त त्यातून 'उडी मार, पाणी आपोआप पोहायला शिकवेल' असा धडा निघत नाही.

घणसोली गाव

तुम्ही सगळे 'धोका पत्करावा का' असं विचारताय. म्हणजे नाही म्हणायची सोय तुम्हाला आहे. आमच्या आजोबांना कोणी विचारलं नव्हतं.

१९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली. ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी यावर जगणारी माणसं. त्यांना एका पिढीत नवं आयुष्य शिकावं लागलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन परत मिळायची तरतूद झाली ती या लढ्याच्या जोरावर. कोणी मेहेरबानी केलेली नाही.

आता बाहेरून आलेले लोक म्हणतात, बघा, गावातली पोरं कशी पुढे गेली. कोणी ट्रान्सपोर्टमध्ये, कोणी वकील, कोणी नगरसेवक. खरं आहे, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण त्याच आळीतली जी माणसं मोबदल्याचे पैसे हातात आले आणि काय करायचं ते न कळून संपली, त्यांच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही. ज्याच्या हातात नांगर आणि पाग (मासे धरायचं जाळं) होता त्याला चेक धरायला लावलं, तो चेक कुठे ठेवायचा हे शिकवायला कोणी आलं नाही. संकटातून माणूस घडतो म्हणताना जे त्यात मोडले त्यांनाही मोजा, एवढंच.

भाच्याला माझा पाठिंबा आहे, कारण तो स्वतः ठरवतोय.

कोलशेतकर

घणसोलीकर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. लादलेलं संकट आणि स्वतः उचललेलं आव्हान यांत फरक आहे, आणि मी दुसऱ्याबद्दलच बोलतोय.

हिशोबनीस, तुमच्याशी मात्र वाद कायम आहे. पगार चालू असताना शिकणाऱ्याला धोका नव्हता म्हणता? सगळ्या शॉपसमोर शिव्या खाणं हा धोकाच आहे. चाळिशीतल्या माणसाला पैशापेक्षा तोच जास्त जड जातो. माझे राजे पैशाला घाबरले नव्हते, अपमानाला घाबरले होते. तुमच्या वहीत त्याला रकाना नाही.

तलावपाली ताई

या रकान्याबद्दल मला बोलायचंय, कारण बायकांचा बहुतेक धोका त्यातच असतो आणि तो कोणी धोक्यात धरत नाही.

आमची इमारत पाचपाखाडीत. बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलंच नव्हतं, म्हणजे फ्लॅट आमचे पण जमीन कागदोपत्री अजून जुन्याच मालकाच्या नावावर. कमिटीतले पुरुष सगळे नोकरीवाले, प्रत्येक जण 'बघू' म्हणायचा. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होण्याची, सोय कायद्यात आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना सातमध्ये अर्ज करायचा असतो, हे मी वर्तमानपत्रात वाचलं आणि वार्षिक सभेत बोलून गेले की मी करते. मी बारावी झालेली, संसार आणि शिकवण्या एवढंच केलेलं. सभेत दोघं हसले. घरी ऐकावं लागलं ते वेगळंच.

पहिल्या सुनावणीला समोरचे वकील बोलायला लागले आणि मला नोटीस कुठल्या पानावर आहे तेही सापडेना. घशाला कोरड पडली होती. घरी येऊन रडले नाही, पण जेवलेही नाही. मग मी एकेक कागद शिकायला घेतला. प्रत्येक फ्लॅटची इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा उतारा), प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ आणि करारनाम्यातलं क्षेत्रफळ जुळत नव्हतं, ते मला रात्री जेवणाच्या टेबलावर पट्टी धरून ओळी वाचताना दिसलं. वकिलांनाही दिसलं नव्हतं. पुढच्या तारखेला ते मी उभं राहून सांगितलं, हात थरथरत होते तरी सांगितलं. आदेश आमच्या बाजूने झाला.

यात माझे पैसे गेले नसते हे खरं. पण फाइल फसली असती तर त्या जिन्यात मला जन्मभर मान खाली घालून चढावं लागलं असतं. आता इमारतीतल्या मुली बँकेची, वारसाची कागदपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. मी स्वतःला पन्नाशीनंतर ओळखायला लागले असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

हिशोबनीस, नौपाडा

ताई, तुम्हाला मनापासून नमस्कार. आणि कोलशेतकर, अपमानाचा रकाना माझ्या वहीत नव्हता हे बरोबर, तो मी घालतो. पण ताईंची गोष्ट माझ्याही बाजूची आहे. त्यांनी असं आव्हान घेतलं ज्यात हरल्या असत्या तरी घर चाललं असतं. मी एवढंच मागतोय. अपमान पचवता येतो. ऑपरेशनचं बिल पचवता येत नाही.

म्हणून भाच्याबद्दल सरळ विचारतो. नोकरीला पाच वर्षं झाली का? झाली नसतील आणि थोडेच महिने राहिले असतील तर थांबा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनीने द्यायची रक्कम) पाच वर्षांच्या सलग नोकरीवर मिळते, शेवटच्या पगाराच्या हिशेबाने दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पीएफला हात लावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, आईवडील त्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत का?

कोलशेतकर

पाच वर्षं गेल्या दिवाळीत पूर्ण झाली. आईवडील ग्रुप पॉलिसीत आहेत, भावोजींना मधुमेह आहे.

हिशोबनीस, नौपाडा

मग राजीनामा देण्याआधी हे करा. नोकरी सुटली की ग्रुपचं कव्हर संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज कव्हर चालू असताना, आधीच करावा लागतो. नवी पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. पूर्वी ही मर्यादा चार वर्षं होती, २०२४ मध्ये कमी झाली. मधुमेहाच्या माणसाला तीन वर्षं उघड्यावर ठेवून 'मी वाढतोय' म्हणणं मला तरी पटणार नाही.

ऐरोली सेक्टर ८

हे सगळं बरोबर. फक्त एक भीती वाटते. आधी ग्रॅच्युइटी, मग मेडिक्लेम, मग बहिणीचं लग्न, मग स्वतःचं, मग फ्लॅटचा हप्ता. 'सगळी तयारी झाली की' म्हणणारी माझ्या ओळखीची कितीतरी हुशार माणसं ठाणे-नवी मुंबई ट्रान्स-हार्बर लोकलच्या गाडीत रोज उभी असतात, आणि ती तयारी अजून चालूच आहे. तारीख ठरवून तयारी करा. तारीख नसलेली तयारी म्हणजे नकारच.

कोलशेतकर

तारीख आहे. गाळ्याच्या मालकाने पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मुदत दिलीय. मेडिक्लेमचा अर्ज या आठवड्यात करायला लावतो. पण हिशोबनीस, अर्जाला उत्तर यायला उशीर झाला तरी मी त्याला गाळा सोड असं सांगणार नाही.

हिशोबनीस, नौपाडा

इथे आपलं जुळणार नाही. मी सांगितलं असतं.

घणसोली गाव

गाळ्याचं एक बघा. रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातली जागा एमआयडीसीची, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाची, असते, गाळेवाल्याकडे ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने असते. त्याला पोटभाडेकरू ठेवायला एमआयडीसीची परवानगी लागते. ते पत्र हातात घेतल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका, आणि मीटरवर मंजूर वीजभार किती आहे तेही बिलावर वाचून घ्या, ड्राइव्ह लोडवर चालवून बघायचे तर थ्री फेज लागेल. भाच्याला हवं असेल तर मी बरोबर येतो, त्या पट्ट्यातले बरेच गाळेवाले ओळखीचे आहेत.