सरळ पाहिलं की अंधुक ठिपका गायब का होतो?

नवखा_निरीक्षक:
देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधायचा उद्योग चालू आहे. गंमत अशी की नजर शेजारच्या ताऱ्यावर असली की तो धुरकट डाग कडेला चक्क दिसतो, आणि त्याच्यावर नजर रोखली की साफ नाहीसा! चष्म्याचा नंबर नुकताच तपासलाय, ठीक आहे. मग हा डोळ्यांचा दोष, की मनाचे खेळ?

तिरकी_नजर:
डोळे ठणठणीत आहेत, काळजी नसावी. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात: शंकुपेशी साधारण ६० लाख, दंडपेशी १२ कोटींच्या आसपास. शंकुपेशींना रंग आणि बारकावे कळतात, पण उजेड भरपूर लागतो. दंडपेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी कणभर प्रकाशावर त्यांचं भागतं.

घोळ असा की आपण रोखून बघतो तेव्हा प्रतिमा पडते पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) मधल्या खळग्यात, आणि तिथे एकही दंडपेशी नसते. दाटीवाटीने नुसत्या शंकुपेशी. आकाशात मोजला तर हा भाग एक-सव्वा अंशाचा, म्हणजे दोन-अडीच पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल तेवढा. देवयानीचा ठळक गाभा त्यात आरामात मावतो. तुम्ही तो नेमका तिथे नेऊन ठेवता, जिथे रात्री कुणी कामावरच नसतं.

हात लांब करून मूठ धरा, ती साधारण १० अंश भरते. नजर तेवढी बाजूला न्या, लक्ष मात्र डागावरच ठेवा. सुरुवातीला डोळे हट्टाने मध्ये ओढले जातात. म्हणून मी जवळचा एखादा ठळक तारा धरतो आणि त्यालाच चिकटून राहतो.

दुर्बिणीला एकच डोळा लावत असाल तर दिशा सांभाळा. उजवा डोळा असेल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्यायची. डावीकडे फार नेलीत तर वस्तू अंधबिंदूवर, म्हणजे जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, जायची. तो नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला १५ अंशांवर असतो. याच चुकीपायी लोक दुर्बिणीला नावं ठेवतात!

गच्चीवाला:
एवढं कशाला? अंधारात दोन मिनिटं थांबा, बाहुल्या मोठ्या होतात, दिसायला लागतं.

तिरकी_नजर:
@गच्चीवाला, बाहुली २ मिलिमीटरवरून ७ वर गेली तरी आत येणारा प्रकाश बारा पटच वाढतो. खरी वाढ हजारो पटींची असते आणि ती पेशींमध्ये होते. उजेडाने दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य विघटित होतं, ते पुन्हा तयार व्हायला २० ते ३० मिनिटं जातात. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो यामुळेच, कारण हे रंगद्रव्य त्यापासूनच बनतं. दोन मिनिटांत दिसतात ते ठळक तारे.

नवखा_निरीक्षक:
जमलं! ताऱ्याला धरून राहिलो तर डाग जागच्या जागी. पण कडेने बघताना तपशील काहीच कळत नाही. लंबगोल आहे एवढंच. सराव कमी पडतोय का?

तिरकी_नजर:
सराव कितीही करा, तपशील यायचा नाही. मधल्या खळग्यात जवळजवळ प्रत्येक शंकुपेशीला मेंदूकडे जाणारी स्वतंत्र वाट असते. कडेला मात्र अनेक दंडपेशींचे संकेत एकाच चेतातंतूत गोळा होतात. त्या बेरजेमुळेच अंधुक डाग दिसतो, आणि नेमका कुठून काय आलं ते त्याच बेरजेत पुसलं जातं. हाताच्या अंतरावर पुस्तक धरून शेजारच्या भिंतीकडे बघत वाचून पाहा, लगेच पटेल.

गच्चीवाला:
बरं, अर्धा तास थांबतो. मध्येच नकाशा बघायला मोबाईल लाल करून चालेल ना?

तिरकी_नजर:
चालेल, गडद लाल रंगाला दंडपेशी फारशा दाद देत नाहीत. फक्त उजेड अगदी कमी ठेवा; पडद्याचा लाल पुरेसा शुद्ध नसतो, भडक केलात तर पुन्हा पहिल्यापासून थांबणं आलं.