मदत हवी आहे: स्टँडर्ड हेराल्डच्या चॅसिसला मूळचे नट-बोल्ट कुठले?

मंडळी, फोंड्याहून लिहितोय. स्टँडर्ड हेराल्ड मार्क टू (इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला बनलेली जुनी मोटार) पूर्ण उघडली आहे. बॉडी उचलून बाजूला ठेवली, चॅसिस घोड्यांवर आहे. (हेराल्डला वेगळी चॅसिस आहे म्हणून हे जमतं. अँबॅसडर-फियाटवाल्यांनी खुशाल जळावं.) आउटरिगर (चॅसिसच्या कण्यातून बाजूला निघणारे, बॉडी पेलणारे हात) दोन्ही बाजूंचे गेलेत, ते नवीन बनवून घेतोय. मधला कणा ठणठणीत आहे. पत्र्याच्या कामात मदत नको, गाडं अडलंय ते नट-बोल्टांवर.

गाडीला आधीच्या मेकॅनिकांनी मिळेल ते ठोकलेलं आहे, ते सोडा. पण काही जागी मूळ काळ्या रंगाचा थर बोल्टच्या डोक्यावरून थेट चॅसिसवर उतरलेला, म्हणजे तिथे पाना कधी लागलाच नाही. असे बोल्ट मी वेगळे काढून घासले, तर दोन जाती निघाल्या. काहींच्या डोक्यावर गोल खळगा आहे, आणि त्यांच्या नटांच्या बाजूवर एकमेकांना चिकटलेली वर्तुळं कोरलेली. ही युनिफाइड आट्यांची (इंग्लंड-अमेरिकेच्या सामाईक इंची मापांची) विलायती खूण. दुसऱ्यांच्या डोक्यावर ‘जीकेडब्ल्यू’ अशी इंग्रजी अक्षरं, म्हणजे आपल्याकडची बोल्ट बनवणारी कंपनी, गेस्ट कीन विल्यम्स. दोन्हींचे आटे गेजने मोजले: ५/१६ आणि ३/८ दोन्ही मापांत इंचाला २४, म्हणजे सरळ यूएनएफ, युनिफाइडचे बारीक आटे.

प्रश्न असा. हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनायला लागली. इंग्लंडातल्या हेराल्डच्या पार्टांच्या याद्या मिळतात, पण त्यात जीकेडब्ल्यू कुठून असणार? माझी गाडी तिकडच्या कॉव्हेंट्रीची नाही, मद्रासची आहे, तिला मद्रासचेच बोल्ट हवेत. कुठल्या जागी कुठली जात होती, हे न उघडलेल्या गाडीवर कुणी पाहिलंय का?

इथली बाजारपेठ पालथी घालून झाली. हार्डवेअरमध्ये ‘तीन सूत’ म्हटलं की ३/८ चा व्हिटवर्थ (जुन्या विलायती पद्धतीचे जाडे आटे) हातात येतो, इंचाला १६ आटे. ‘अडीच सूत’ म्हटलं की तसाच १८ आट्यांचा. नाहीतर ‘एम ८ घेऊन जा, तोच बसतो’ हा मिलिमीटरवाला सल्ला. भोकातून जातो हो, ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटरच. पण चॅसिसला वेल्ड केलेल्या नटात दोन फेऱ्यांत अडतो, आणि पुढे जोर लावला तर नटाचे आटे सोलून निघतात. ३/८ च्या जागी एम १० घालायचा तर भोकच मोठं करावं लागेल. ते मी करणार नाही.

बार्ज दुरुस्तीवाला एक मित्र म्हणतो, खाऱ्या हवेत सगळं एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) घाल. त्याच्या बार्जला ठीक असेल. साधा ए४-७० दर्जाचा एसएस बोल्ट ४५० मेगापास्कलला ताणायला लागतो, ८.८ दर्जाचा पोलादी हाय टेन्साइल बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. वर एसएसच्या शेजारचं साधं लोखंड ओल्या मिठात आधी गंजतं, म्हणजे बोल्ट चकचकीत आणि चॅसिस खलास. शिवाय दिसायलाही ते हेराल्डवर शोभत नाही.

आणखी एक. मूळचे चांगले बोल्ट पुन्हा प्लेटिंग करून वापरावेत असा विचार आहे. कुंडईला झिंक करून मिळेल, पण ॲसिडमध्ये बुडवल्यावर डोक्यावरची अक्षरं राहतात का? चवथीला सगळं बंद होण्याआधी हे उरकायचं आहे.

बत्तीसचा पाना, बेळगाव

भाऊ, आधी सुरक्षेचं बोलू. विशबोन (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा हात), शॉक ॲब्सॉर्बर, डिफरन्शियल या जागांचे जुने बोल्ट परत घालू नका, अक्षरं कितीही गोड असोत. आट्यांच्या बुडाशी गंजाचा एक खड्डा पुरतो. तिथे नवीन हाय टेन्साइल यूएनएफ घ्या, आणि हाफ थ्रेडच घ्या, म्हणजे दांडीच्या टोकाकडेच आटे असलेले. फुल थ्रेड बोल्ट विशबोनमध्ये गेला की आटेच ब्रॅकेटवर घासतात, भोक अंडाकृती होतं. जुन्या बोल्टची कोरी दांडी व्हर्नियरने मोजून न्या. हार्डवेअरमध्ये फिरू नका, महिंद्रा जीपचे पार्ट विकणाऱ्यांकडे जा. जुनी महिंद्रा म्हणजे मुळात अमेरिकन विलीज, तिला यूएनएफ लागतं. प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट बघा, मापाचे मिळाले तर.

बॉडी माउंट, ब्रॅकेट, बंपर यांचे जुने बोल्ट खुशाल प्लेट करा. ८.८ च्या आसपासच्या दर्जाला झिंकचा फार धोका नाही. १०.९ किंवा वरचा असेल तर हायड्रोजन आत शिरून बोल्ट ठिसूळ होतो, प्लेटिंगनंतर लगेच १९०-२०० अंशांवर काही तास भाजून द्यायला सांगा. अक्षरं ॲसिडने जात नाहीत, बफिंगच्या चाकाने जातात. पोऱ्याला चाकाजवळ जाऊ देऊ नका.

जाता जाता: ट्रनियनला (पुढचं चाक वळतं त्या खालच्या सांध्याला) ग्रीस भरू नका, ईपी ९० गिअर ऑइल. आणि त्याचे एका बाजूचे आटे उलटे आहेत, अदलाबदल झाली तर चाक हातात येईल.

धागाकर्ता

आभारी आहे दादा, विशबोनचे नवीनच घेतो. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. गोव्यात, सावंतवाडीत किंवा बेळगावात कुणाच्या मांडवात न उघडलेली हेराल्ड उभी असेल, तर डिकीत वाकून बॉडीच्या मागच्या माउंटिंग बोल्टचं डोकं बघाल का? खळगा आहे की अक्षरं, आणि गाडी कुठल्या साली बनलेली, एवढंच हवंय.