कॉलेजची रँक बघून इंजिनीअरिंगला प्रवेश घेतलात? अनुभव सांगा

लेकीचा सीईटीचा निकाल लागलाय, आता कॅपचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरायचा. घरात दोन तट पडलेत. तिचे बाबा एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीची) यादी छापून बसलेत, ती गेल्या वर्षीचे कटऑफ. तुम्ही काय बघितलं होतंत? कॉलेजांची नावं नकोत, अनुभव हवेत.

माजी मेकॅनिकल
2017 चा प्रवेश. एनआयआरएफची पहिली यादी 2016 ला आलेली, त्यामुळे रँकचं अप्रूप होतं. गेटवर हा मोठा फ्लेक्स. दुसरीकडे कॉम्प्युटर मिळत होतं, ते सोडलं. रँकच्या शंभरातले 30 गुण संशोधनाचे असतात हे फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आमचे गणिताचे सरच तीनदा बदलले. आज कोडच लिहितो, ते सगळं बाहेर शिकून.

पोराचा बाप
रँक सोडा, त्याखालची पीडीएफ उघडा. कॉलेजने एनआयआरएफला दिलेली माहिती असते, कॉलेजच्या साइटवरही सापडते. त्यात एक तक्ता आहे: प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरीला किती, पुढे शिकायला किती, पगाराचा मिडियन (अगदी मधला आकडा) किती. मी लाइट बिलाच्या मागे पेन्सिलीने चार कॉलेजांचे आकडे मांडले. ज्याच्या ब्रोशरवर ‘हायेस्ट पॅकेज’ सगळ्यात ठळक, तिथे वेळेत पास होणारेच सगळ्यात कमी निघाले! दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे आकडे कॉलेजनेच भरलेले असतात. आणि सगळ्या ब्रँच एकत्र असतात, कॉम्प्युटरच्या पगारात सिव्हिल झाकून जातं. म्हणून शेवटी फायनल इयरच्या दोन पोरांना टपरीवर चहा पाजला. तिथे जास्त कळलं.

मेसग्रस्त
होस्टेल बघा. पाणी किती वाजता येतं ते विचारा. बाकी चालू द्या.

सिव्हिलवाली
फॉर्म भरताना सांभाळा गं. लागणार नाहीच म्हणून रँकवाल्या कॉलेजची सिव्हिल पहिल्या नंबरला टाकली आणि नेमकी तीच लागली. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की ऑटो फ्रीझ, म्हणजे सीट आपोआप पक्की; बेटरमेंट नाही, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही. आठवडाभर रडले. आता साइटवर असते, बरं चाललंय, पण ते रँकमुळे नव्हे.

गणिती मामा
अगदी वर यादी ठीकच, 2016 पासून आयआयटी मद्रास पहिली आहे. घोळ शंभराच्या पुढे. तिथे 101 ते 150 असा नुसता पट्टा असतो आणि त्यात नावं इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे. आमचे भावजी पट्ट्यातलं दुसरं नाव बघून ‘एकशे दोनावा नंबर’ म्हणून पेढे वाटून आले.

धागाकर्ती
पीडीएफ उघडलीय. तिचे बाबा चष्मा शोधताहेत.